ओवाळणीतला चौथा भाग

७ जून १९९८

कंपनीची डायरी जानेवारीत आली होती, पाच महिने कोरीच पडली. आज हे दुकानातून म्हणाले, "मी त्याच्यात पंक्चर लिवू का मंग?" म्हणून घाईनं ताब्यात घेतली. पहिल्या पानावर 'उल्का व्हिडिओ गेम' आणि उडी मारणारा वीर बज्जू. लाल पागोटं, हातात काठी. चार वर्षं झाली हा बाबा माझ्या खोलीत उड्या मारतोय. पोंभुर्ण्यात मला प्रमिला म्हणून कोणी हाक मारत नाही आता, गेमवाली बाई म्हणतात. खरं सांगायचं तर आवडतं मला.

पुढे ह्यांचं सायकलचं दुकान, मागे माझी गेमची खोली. दोन टीव्ही, दोन उल्का मशीन, बज्जूचे तीन भाग. कोपऱ्यात बाजेवर माझे बाबा.

गर्दी कमी झालीय. उन्हाळ्यामुळे असेल. पण उन्हाळा गेल्या वर्षीही होता की.

१४ जून

बाजार. वत्सलाबाई आली. मासळी संपली की रिकामी टोपली दाराबाहेर ठेवते, दोनदा हात धुते, पदराला पुसते आणि मग खेळायचा रिमोट घेते. ढिवरांची बाई, पन्नाशीची, जन्म गेला तलावात आणि अंधारी नदीत. बज्जूच्या पहिल्या भागातली तिसरी स्टेज म्हणजे नदीची. ओंडक्यावरून ओंडक्यावर उड्या, मधे मगर. गावात ती स्टेज हिच्यासारखी कोणाला जमत नाही. पोरं शाळा बुडवून बघायला बसायची.

आज निम्म्यातच रिमोट ठेवून दिला.

"कंटाळा आला वं प्रमिला. ही मगर दरखेपी तिसऱ्याच ओंडक्यापाशी काऊन येते?"

म्हटलं, तशीच बनवली आहे.

"मंग बनवनाऱ्यानं मगर पाह्यली नाई. पानी चढलं का ते काठाले येते, उतरलं का डोहात जाते. उन्हात तोंड वासून पडून राह्यते. एका जागी कोन राह्यते? सांग ना त्याले."

"कोणाला?"

"ज्यानं बनवला त्याले. लिवता येते ना तुले?"

येतं की. दहावी झालेय.

१५ जून

पत्र लिहिलं. कंपनीला. चार पानं झाली. नदीला महापूर येऊ द्या. मगरीची जागा बदला. बज्जू कधी थकत नाही, त्याला थकू द्या. बज्जू मात्र बदलू नका, लोक त्याच्यासाठी येतात. शेवटी लिहिलं की दुसऱ्या भागात जंगल होतं तेव्हा इथे दारात रांग लागली होती, तिसऱ्यात तुम्ही बर्फाचे डोंगर दिले, तेव्हाच तुमचा आळस दिसला. मग 'आळस' खोडून 'घाई' केलं.

हे म्हणाले, कंपनीले शिकवून राह्यली का आता तू. हो, राह्यली.

२८ जून

रमेशभाऊ आले. (पुढे नुसतं र.भा. लिहीन.) कंपनीचे नागपूरचे एजंट, दोन महिन्यांनी एक चक्कर. बिघडलेला रिमोट बदलून देतात, नवी कॅसेट आली तर आणतात. त्यांना बहीण नाही, मला भाऊ नाही. पहिल्याच वर्षी दिवाळीत अडकून पडले होते, बस नव्हती, तेव्हा मी ओवाळलं. तेव्हापासून दर भाऊबीजेला येतात. एकदा साडी, एकदा टॉर्च, गेल्या वर्षी घड्याळ. टॉर्च अजून चालते.

पत्र दिलं. तिथंच उभ्यानं वाचलं त्यांनी. "ताई, काय लिवलं तुम्ही! हे तर मी मीटिंगमध्ये वाचून दाखवतो." मगरीजवळ आल्यावर मोठ्यानं हसले. चहा दोनदा घेतला.

मी दिवसभर हवेत.

६ जुलै

दुसरं पत्र टाकलं. टाकलं म्हणजे र.भां.च्या घरच्या पत्त्यावर, तेच म्हणाले होते की थेट कंपनीत पाठवलं तर टेबलावर पडून राहतं, माझ्या हातानं देतो.

१२ जुलै

बाजार असून खोलीत पाचच माणसं. वत्सलाबाई आली, बसली, खेळली नाही. सुमित्राची गोष्ट काढली. सुमित्रा म्हणजे तिची पोरगी, एटापल्लीला दिली. लग्नाआधी दोघी मायलेकी दोन रिमोट घेऊन बसायच्या माझ्याकडे, भांडायच्या. दोन वर्षं झाली, माहेरी आली नाही. सासरचे धाडत नाहीत की तिचंच मन लागलंय तिकडे, कळत नाही. वत्सलाबाई तेवढंच सांगते आणि मग पान लावते.

कोरपन्याहून नणंद आली होती. तिच्या शेजारी सिमेंट कॉलनीत कॉम्प्युटर आलाय. त्यात मोटारी पळतात, दर वेळी रस्ता वेगळा. माझ्या खोलीत येऊन बज्जूकडे बघून म्हणाली, "हा अजून जिवंत हाय?" मी हसले. आतून फार लागलं.

१९ जुलै

बाबांना विचारलं. त्यांचं दंडारीचं, म्हणजे नाचगाण्याच्या नाटकाचं, मंडळ होतं ना. वीस-बावीस वर्षं गावोगावच्या मंडयांत नाचले, राजाचं काम करायचे. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीतल्या प्रत्येक गावाची मंडई म्हणजे जत्रा, लेकी-जावई बोलावलेले, आणि बाबांची दंडार. मी त्यांच्या मुकुटाची पेटी धरून बैलगाडीत बसायचे.

म्हटलं बाबा, तोच राजा लोक इतकी वर्षं कसे बघायचे?

"राजा तोच ठेवाचा. त्याच्यासाठीच येतेत लोकं. पन तो कोन्या बाजूनं येईन हे लोकायले समजू द्याचं नाई. कधी मागून, लोकायच्या मधातून. एक डाव मी झाडावरून उतरलो."

हे तिसऱ्या पत्रात जसंच्या तसं लिहिलं. कंपनीनं बाबांना पगारावर ठेवायला पाहिजे.

बाबांचं मंडळ मी बारा वर्षांची असताना बंद पडलं. गावं बोलवेनाशी झाली. "लोकं पालटले," एवढंच म्हणत आले ते. त्या गावांचा राग अजून आहे मला. बस तिथून गेली तरी मी तोंड फिरवते.

१६ ऑगस्ट

लिहू कशी.

र.भा. आले, बाजाराच्या गर्दीतून सरळ आत. "ताई, चौथा भाग येऊन राह्यला. दिवाळीले. एकदम नवा." मी विचारलं पत्रं? "तुमची मगर हाय त्याच्यात." असंच म्हणाले. तुमची मगर हाय त्याच्यात. मी दोनदा विचारलं, दोनदा म्हणाले.

वत्सलाबाई तिथंच होती. टोपली घेऊन उठायच्या बेतात. "माही मगर?" म्हणाली. मग खाली बसली पुन्हा. "माही मगर टीव्हीत?"

र.भा. गेल्यावर आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो. हे पंप हातात घेऊन बघायला आले.

६ सप्टेंबर

गावभर झालंय. वत्सलाबाईनं मासळीबाजारात सांगितलं, त्यामुळे छापायची गरज नाही. नदीत पूर येतो म्हणे नव्या भागात. मगर पोहते म्हणे. हे मी पत्रात मागितलेलं, ती आहेच म्हणून सांगत सुटलीय. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं का? पण र.भा. म्हणाले ना.

२७ सप्टेंबर

मंडई कमिटीचे लोक आले. यंदा मंडईत दुपारी शाळेच्या मैदानात टीव्ही लावायचा, जनरेटर ते देणार, आणि वीर बज्जू भाग चार सगळ्यांसमोर उघडायचा. दवंडी देतो म्हणाले. "बाई, नक्की येते ना?" मी म्हटलं नक्की. माझ्या भावानं शब्द दिलाय.

वत्सलाबाईनं एटापल्लीला निरोप धाडला. दूध संघाच्या ड्रायव्हरच्या हाती. आई बोलावते म्हणून नाही, "माही मगर पाहाले ये" म्हणून. उत्तर आलं. सुमित्रा येते! पाच दिवस राहीन म्हणाली.

वत्सलाबाईनं घर सारवायला काढलंय.

भाऊबीज

र.भा. दुपारी आले. पाट मांडला, ताटात सुपारी, निरांजन, अक्षता. ओवाळलं. त्यांनी खिशातून काढून ताटात ठेवली. कॅसेट. चकचकीत खोक्यात, वर कंपनीचं सील. बज्जूचं पागोटं हिरवं. 'वीर बज्जू ४, महापूर'.

महापूर! माझा शब्द. पहिल्याच पत्रात लिहिलेला.

डोळे भरून आले. त्यांचेही आले होते बहुतेक, मान खाली होती. जेवले नाहीत नीट. पुरणाची एकच पोळी. चारच्या बसनं गेले, मंडईला थांबा म्हटलं तर काम आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी

हे म्हणतात, एकदा लावून पाहून घे. कॅसेट खराब निघाली त? मी नाही म्हटलं. एक तर ओवाळणी, भावानं ताटात घातलेली वस्तू पारखून बघायची असते का? आई म्हणायची, ओवाळणी उलटीपालटी करू नये. आणि दुसरं, बाबांचीही रीत. नव्या सालाची मुकुटाची पेटी लोकांसमोर, नारळ फोडूनच उघडायची. बाबांनी मान हलवली. देवाजवळ ठेवलीय. सील तसंच.

सुमित्रा आली आज. तीन बस बदलून, आलापल्ली, आष्टी करत. आईपेक्षा उंच वाटते. कडेवर पोर. वत्सलाबाई तिला घेऊन आधी माझ्याकडे आली, मग घरी.

मंडई

जे झालं ते लिहिते. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

शाळेच्या मैदानात पेंडॉल. चारशे माणूस असेल, जास्तच. पाहुणे, जावई, लेकी. मिठाईवालेसुद्धा दुकानं सोडून आले. बाबांनी जुना फेटा बांधला होता, नारळ त्यांनी फोडला. सील मी तोडलं. कॅसेटीला फुंकर मारली, लावली.

नाव आलं. 'महापूर'. गाणं नवं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिली स्टेज, आकाश जांभळं, पागोटं हिरवं. मी खेळत होते. उडी, नाणं, उडी. दुसऱ्या स्टेजला एक आंब्याचं झाड येतं, त्याचं खोड मधेच तुटलेलं दिसतं. पहिल्या भागातली चूक आहे ती, आम्ही चार वर्षं हसतो त्याला. जांभळ्या आकाशात ते झाड आलं. तसंच तुटकं. मी खेळत राहिले. कोणाला दिसलं नसावं.

तिसरी स्टेज. नदी. वत्सलाबाईला बोलावलं माइकवरून. ती नवं लुगडं नेसून आली. लोक ओरडले, "तुही मगर दाखव वं!" सुमित्रा पुढच्या रांगेत, पोराला उंच धरून.

पहिला ओंडका. दुसरा. वत्सलाबाई थांबली. हळूच म्हणाली, मला ऐकू येईल एवढंच, "आता येते." आणि मगर आली. तिसऱ्या ओंडक्यापाशी. तीच. तोंड उघडायचं, मिटायचं, उघडायचं. रंग तेवढा निळा.

तिनं उडी मारली, पार झाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि मग टीव्हीकडे पाठ केली. लोकांकडे तोंड करून, रिमोट पोटाशी धरून, तिनं अख्खी नदी पार केली. न बघता. एकदाही पडली नाही. आधी लोक हसले, त्यांना वाटलं गंमत करते. मग हसणं थांबलं. जनरेटरचा आवाज तेवढा.

कोणीतरी मागून विचारलं, "हा नवा हाय का?"

वत्सलाबाईनं रिमोट माझ्या हातात ठेवला. पेंडॉलच्या बाहेर निघून गेली.

मी माइकवर काय बोलले आठवत नाही. माफी मागितली असेल.

२६ ऑक्टोबर

सुमित्रा गेली. पाच दिवस म्हणाली होती. जाताना सायकलच्या दुकानात ह्यांना म्हणाली, "जिजाजी, मले वाटलं आईनं खोटं बोलून बोलावलं. सासरी काय सांगू, कोनती मगर पाह्यली म्हनून?"

मासळीबाजारात पोरं वत्सलाबाईला विचारतात, कुठी हाय तुही मगर. ह्यांनी ऐकलं. मला जाऊन सांगावंसं वाटलं सगळ्यांना की तिनं खोटं नाही सांगितलं, मी सांगितलं. गेले नाही. हिंमत नव्हती.

३१ ऑक्टोबर

खोली उघडते, बंद करते. खेळायला कोणी येत नाही असं नाही, दोन-चार येतात. पण बसतात तेव्हा माझ्याकडे बघत नाहीत.

मी संतापलेय. कोणावर ते नीट ठरत नाहीये. कंपनीवर. एवढ्या लोकांनी बज्जूला जीव लावला, आणि यांनी फक्त रंग बदलला. रंग! आम्ही काय आंधळे आहोत? लांबच्या गावचे, झाडीतले, म्हणून आम्हाला काय कळणार असं वाटलं असेल. अरे, आम्हालाच कळतं. आमच्याकडे दुसरं नाहीये काही, एकच गोष्ट शंभरदा बघतो आम्ही, तिचा प्रत्येक टाका पाठ असतो.

८ नोव्हेंबर

र.भा. आले. मी बोलावलं होतं, तार केली. पाणी दिलं, चहा नाही.

विचारलं, माहीत होतं?

पायाकडे बघितलं. म्हणाले, हो.

"माझी मगर हाय म्हणालात."

"ताई, मगर हायच ना."

इथं माझा हात उठला असता. बाबा बाजेवर उठून बसले म्हणून मी थांबले.

मग बोलले ते सगळं. कंपनीत बनवणारा कोणीच नाही. एक पोरगा होता, त्यानं पहिला आणि दुसरा बनवला, तो केव्हाच दुसरीकडे गेला. तिसरा कसाबसा त्याच्या उरलेल्या कागदांवरून. आता मालक म्हणतो, खोकं बदला, नाव बदला, बज्जूचं नाव आहे तोवर खपतं. "मी दोनदा सांगतलं ताई मालकाले. लोकं असे जुन्यावर किती दिवस राह्यतीन? तो म्हने, तू विकाचं काम कर."

आणि पत्रं?

पिशवीतून काढली. सात. सुतळीनं बांधलेली. पहिलं वाचलेलं, बाकी सहा पाकिटं चिकटलेलीच. "कोनाले देऊ? वाचनारं कोनी नोतं तिथं." पहिल्या पत्रातला 'महापूर' शब्द मात्र यांनीच मालकाला सांगितला. खोक्यासाठी. तेवढा चांगला वाटला त्यांना.

शेवटी विचारलं, मग ताटात काऊन घातली? विकली असती. दुसऱ्या कोणाला दिली असती. ओवाळणीत काऊन?

"भाऊबीज होती ताई. रिकाम्या हातानं कसा येऊ?"

गेले. मी निरोप द्यायला उठले नाही. नंतर कितीतरी वेळ रडले. कंपनीसाठी नाही. चार वर्षं या माणसाला ओवाळलं, औक्षण करताना खरंच त्याला आयुष्य मागितलं, त्यासाठी.

९ नोव्हेंबर

सकाळी बाबांशी बोलत बसले. म्हटलं बाबा, तुम्हाला जसा लोकांनी दगा दिला तसाच मला या कंपनीवाल्यांनी दिला.

बाबांनी काठी बाजेला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "मले लोकायनं दगा नाई देल्ला."

म्हणजे?

"शेवटचे तीन सालं मी नवं काही बसोलंच नाई. अंगात जोर नोता. डोक्यात नवं येत नोतं. 'मोहरा रानी' होती ना आपली, तिचंच नाव बदललं. 'केतकी रानी' म्हनून दवंडी देल्ली. पुढच्या साली 'चंपा रानी'. मुकुटाले नवा कागद लावला. पह्यल्या गावानं काही म्हटलं नाई. दुसऱ्या गावात एक म्हातारी उठून माह्या आंधी माही ओळ म्हनाली. एकेक ओळ. मी राजाच्या कपड्यात उभा, आन् ते म्हातारी बोलून राह्यली."

माझ्यासमोर झालं हे? मी पेटीवर बसलेली होते का तिथे? आठवत नाही मला. मला वाटत होतं लोक पालटले.

"मले माहीत होतं तुह्या कॅसेटचं," बाबा म्हणाले. "म्हंजे माहीत नोतं. पन खोकं पाह्यलं तवा वास आला. नाव मोठं आन् रंग चकचकीत. तसा मुकुट मी केला होता." मग का बोलला नाहीत? "तू येवढी खुश होती."

म्हणजे सगळ्यांनी मला खुश ठेवलं. आणि मी वत्सलाबाईला खुश ठेवलं. आज कोणाशीच बोलू नये असं वाटतंय, बाबांशी तर मुळीच नाही. त्यांचा चहा ह्यांनी नेऊन दिला.

१५ नोव्हेंबर

बाजार. वत्सलाबाई दारासमोरून गेली. टोपली डोक्यावर. मान सरळ.

२२ नोव्हेंबर

आजही.

२३ नोव्हेंबर

खडू घेतला आणि दाराबाहेरच्या पाटीवर लिहिलं, 'वीर बज्जू भाग ४. हा नवा नाही. जुनाच आहे, रंग बदललाय.' हे म्हणाले, दुकान बंद करायचं ठरवलं का? बाबांनी पाटी वाचली. उभे राहून, काठीवर, दोनदा वाचली असेल. संध्याकाळी त्यांचा चहा मीच नेला.

१० जानेवारी १९९९

बाजार. पाच वाजता टोपली दाराबाहेर ठेवल्याचा आवाज आला. मी मान वर केली नाही. हात धुतल्याचा आवाज. दोनदा.

"जुना लाव."

पहिला भाग लावला.

"त्या दिवशीचा नोको," म्हणाली. "हाच. जुना म्हनून जुना."

खेळली. बघून खेळली, टीव्हीकडे तोंड करून. मी म्हटलं, वत्सलाबाई, मी खोटं बोलले नव्हते, मला खरंच. ती म्हणाली, "मले माहीत हाय. पन मी पोरीले बोलावलं ना त्याच्यावर. आता मी बोलावलं त पोरगी येईन का?" सात पत्रांतलं पहिलं काढून तिला वाचून दाखवलं, मगरीचं. शेवटपर्यंत ऐकलं तिनं. "चांगलं लिवलं होतं तू," म्हणाली.

पुढच्या बाजाराला येईन असं म्हणाली नाही. आली मात्र.

२० जून

एक टीव्ही विकला. सुमित्राची चिठ्ठी आलीय वत्सलाबाईला, यंदा भाताची लावणी झाली की बघू, एवढंच. मी तीनदा वाचून दाखवली.

२४ ऑक्टोबर १९९९

र.भां.चं कार्ड. वर्षभरात पहिलं.

'ताई, कंपनीने नवीन माणूस ठेवला. पाचवा भाग त्याने बनवला. मी स्वतः बसून खेळलो, मगर काठाला येते. या वेळी खरंच नवा आहे. भाऊबीजेला येतो. ताट ठेवाल का?'

ह्यांना दाखवलं. ह्यांनी खांदे उडवले. बाबा म्हणाले, माणूस एखाद वेळी खरंही बोलतो. त्यांना तसं वाटायला हवंच आहे म्हणा.

मला काय वाटतं? राग अजून तसाच आहे, जरा खाली बसलाय इतकंच. आणि लाज वाटते सांगायला, 'मगर काठाला येते' ही ओळ मी पाच वेळा वाचली.

बाजाराचा दिवस होता, वत्सलाबाईला वाचून दाखवलं. तिनं कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, वाचता येत नाही तरी.

"ओवाळशीन?"

म्हटलं, माहीत नाही.

"ओवाळायचं असन त ओवाळ. नसन त नोको. पन मले बोलाव त्या दिवशी. त्याच्यासमोर, ताटातून काढून मी लावतो. आन् डोळे मिटून खेळतो." कार्ड परत दिलं. "मी पडली त नवा हाय."

ती गेल्यावर फडताळातून ताट काढलं. कडेला मागच्या वर्षीचं कुंकू वाळून बसलंय. घासायला टाकलं नाही अजून. ओट्यावरच आहे.